पडद्याच्या तळाशी राहणारी

तिचं घर पडद्याच्या अगदी तळाशी. वर निवेदिका, तिच्या शेजारी चार-सहा चौकटींत कोंडलेली माणसं, मागे गरगरणारा पृथ्वीगोल, एका कोपऱ्यात वाहिनीचं बोधचिन्ह, दुसऱ्यात घड्याळ. आणि या सगळ्यांच्या पायाशी, बोटभर उंचीच्या जागेत ती. न्यूजरूममध्ये तिला टिकर म्हणतात, कोणी स्क्रोल म्हणतं, घरात बसून पाहणारे आपण ‘खालची पट्टी’ म्हणतो. बसणं तिला ठाऊक नाही. उजवीकडून येते, डावीकडे जाते, पुन्हा उजवीकडून येते. निवेदिका ब्रेक घेऊन उठते, चर्चेतले पाहुणे भांडून थकतात, रात्री दोनला संध्याकाळचाच कार्यक्रम पुन्हा लागलेला असतो, तरी हिची येरझार चालूच.

कपड्यांची आवड भडक. लाल अंगावर पांढरी अक्षरं, नाहीतर पिवळ्यावर काळी. दागिना एकच, दोन बातम्यांच्या मध्ये वाहिनीचं छोटंसं चिन्ह. प्रकृती तशी दणकट, पण जोडाक्षरांशी तिचं फारसं पटत नाही. बहुतेक वाहिन्यांत नव्याने लागलेल्या मुलामुलींना आधी तिच्या सेवेला बसवतात. बातमीदाराचा फोन किंवा मेसेज आला की ‘टिकरवर घे’ असं कुणीतरी ओरडतं, आणि सेवेला बसलेला पोरगा जमेल तशी अक्षरं कुटतो. चढवताना घाई असते. उतरवायची आठवण कुणालाच नसते. म्हणून ‘सायंकाळी पाच वाजता जाहीर सभा’ ही बातमी ती रात्री साडेनवालाही तेवढ्याच उत्साहाने सांगत असते.

तिची आपली गाठ पडते ती बहुतेक वेळा वाक्याच्या मधोमध. चहाचा कप घेऊन आपण टेकतो तेव्हा ती म्हणत असते, ‘…यांचं दीर्घ आजाराने निधन’. कोण गेलं? नाव पुढे निघून गेलेलं असतं. आपल्या वाक्यात नाव आधी आणि क्रिया शेवटी, त्यामुळे डाव्या कडेला माणूस बुडतो आणि निधन मागून येतं. मग बसा वाट बघत. सोन्याचा दर येतो, कांद्याचा भाव येतो, कुठल्याशा धरणाची टक्केवारी येते, धावफलक येतो, एका आमदाराची नाराजी येते. शेवटी फेरा पुरा होत आला की जाहिरात लागते. पण खरी गंमत पुढे आहे. या दोन-तीन मिनिटांत वर निवेदिका काय सांगत होती, हे नंतर कुणी विचारलं तर सांगता येत नाही. कान तिच्याकडे होते. डोळे मात्र खालच्या कडेला, गेलेल्या माणसाच्या शोधात होते.

बोलण्यात ती मोजकी. कोण, कुठे, किती, एवढ्यावर तिचं भागतं. ‘का’ हा शब्द तिच्याकडे नाही. तिची थोरली बहीण, म्हणजे लाल चौकटीत ठाण मांडून बसणारी ब्रेकिंग, तिला तर जेमतेम पाच-सहा शब्दांचीच जागा मिळते. तेवढ्यात ‘सूत्रांची माहिती’ आणि ‘खळबळ’ हे दोघे आधीच येऊन बसलेले असतात. कारणाला उभं राहायलाही जागा उरत नाही. चर्चांना उधाण येतं, नाराजीनाट्य रंगतं, हालचालींना वेग येतो. कसल्या हालचाली, ते समजण्याआधीच ती पुढच्या जिल्ह्यात पोचलेली असते.

आणि प्रश्नचिन्ह! ते तर या दोघी बहिणींचं अटकपूर्व जामीनपत्र. ‘राज्यात राजकीय भूकंप?’ ‘अमुक नेते पक्ष सोडणार?’ ‘त्या व्यवहारात मंत्र्यांचा हात?’ उद्या कुणी जाब विचारला तर, आम्ही कुठे म्हटलं, आम्ही फक्त विचारलं. डॅनियल वेग्नर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली वर्तमानपत्री मथळ्यांवर प्रयोग करून हा जामीन तपासला होता. एखाद्यावर थेट आरोप करणारा मथळा आणि तोच आरोप प्रश्न म्हणून विचारणारा मथळा, दोन्हींनी वाचणाऱ्याच्या मनात त्या माणसाविषयी जवळजवळ सारखंच वाईट मत तयार केलं. प्रश्नचिन्ह वाटेत गळून पडतं आणि ‘मंत्र्यांचा हात’ तेवढा मुक्कामाला राहतो. पट्टीला हे ठाऊक नसेल. पट्टी लिहून घेणाऱ्यांना ठाऊक नाही, यावर माझा विश्वास नाही.

घराणं मात्र मोठं आहे. आजी न्यूयॉर्कची. टाइम्स स्क्वेअरमधल्या इमारतीभोवती १४,८०० दिव्यांचा पट्टा गुंडाळून न्यूयॉर्क टाइम्सने तिला उभं केलं, आणि ६ नोव्हेंबर १९२८ च्या रात्री हर्बर्ट हूवर अध्यक्षपदी निवडून आल्याची बातमी तिने रस्त्यावरच्या गर्दीला सांगितली. १४ ऑगस्ट १९४५ ला जपान शरण आल्याचं त्याच चौकातल्या लोकांनी माना वर करून तिच्याच अंगावर वाचलं. आजीचं एक बरं होतं. ती एकटी बोलायची. तिच्या डोक्यावर निवेदिका नव्हती, शेजारी भांडणारे पाहुणे नव्हते, कानाशी नगारा नव्हता. गर्दी तिच्यासाठी थांबायची, वाक्य पुरं वाचायची आणि मग ओरडायची.

नातीचा जन्म संकटात झाला. शेअर बाजाराचे भाव दाखवणारी एक चुलत बहीण व्यापारी वाहिन्यांवर आधीपासून नांदत होती, वादळाच्या वगैरे सूचनाही अधूनमधून पडद्यावरून सरकत जात. पण ११ सप्टेंबर २००१ ला न्यूयॉर्क, वॉशिंग्टन आणि पेनसिल्व्हेनिया अशा तीन ठिकाणांहून एकाच सकाळी बातम्या येऊ लागल्या, देशभरची विमानं उतरवली गेली, आणि एका तोंडाने एवढं सांगणं होईना. त्या दिवशी फॉक्स न्यूज, सीएनएन आणि एमएसएनबीसी या तिन्ही वाहिन्यांनी तिला तळाशी जागा दिली. गरज खरी होती. ती त्या दिवशी तिथे नसती तर लोकांचे हाल झाले असते, हे कबूल करायलाच हवं. अडचण एवढीच की संकट सरलं तरी तिला ‘आता ये’ म्हणायला कुणी धजावलं नाही. शेजारच्या वाहिनीवर ती असताना आपण तिला काढलं, तर आपल्याकडे बातम्या कमी आहेत असं दिसेल! आपल्याकडे ‘आज तक’ डिसेंबर २००० च्या अखेरीस चोवीस तासांचं झालं, आणि मराठीतल्या चोवीस तासांच्या वाहिन्या २००७-०८ च्या सुमारास आल्या. त्या तर पट्टी बांधूनच जन्मल्या. पट्टीशिवायचा पडदा कसा दिसतो, हे त्यांच्या प्रेक्षकांच्या एका पिढीने पाहिलेलंच नाही.

तो पडदा ज्यांनी पाहिला ती माणसं अजून आहेत. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं. पडद्यावर एक माणूस, छातीपर्यंत. हातात कागद. सुरुवातीला ठळक बातम्या, मग विस्ताराने, आणि शेवटी पुन्हा एकदा ठळक बातम्या. लक्षात ठेवण्याच्या दृष्टीने हा शेवटचा उजळणीचा फेरा फार शहाणपणाचा होता, आणि घाईच्या काळात तोच आधी गेला. पण म्हणून त्या काळातल्या बातम्या लोकांच्या लक्षात आहेत का? विचारून बघा. भक्ती बर्वे आठवतात, अनंत भावे आठवतात, प्रदीप भिडे यांचा आवाज तर अजून कानात आहे. स्मिता पाटील जीन्सवरच साडी गुंडाळून बातम्या वाचायला बसत, ही हकिकत तर घराघरात ठाऊक आहे. म्हणजे जी जीन्स पडद्यावर कधी दिसलीच नाही ती लक्षात राहिली, आणि त्या संध्याकाळी त्यांनी वाचलेली एकही बातमी सांगता येत नाही.

तेव्हा सगळा दोष पट्टीच्या पदरात टाकणं बरोबर नाही. ती जन्मायच्या पाव शतक आधी, १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासासाठी, डब्ल्यू. रसेल न्यूमन यांनी सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या लोकांना संध्याकाळच्या बातम्या संपल्यावर त्याच रात्री फोन करून विचारलं होतं, काय काय पाहिलंत? बातमीपत्रात सरासरी १९.८ बातम्या होत्या. आपणहून आठवल्या त्या सरासरी १.२. आठवण करून दिल्यावर मात्र बऱ्याच बातम्या ‘हो हो, होतं काहीतरी’ म्हणत वर आल्या. दूरचित्रवाणीवरची बातमी ही मुळातच गळणारी वस्तू. वर्तमानपत्रात डोळा मागे नेता येतो, पडद्यावर तो पुढेच ओढला जातो.

पट्टीने काय केलं, तर गळती वाढवली. हे मोजलंही गेलं आहे. लोरी बर्गेन, टॉम ग्राइम्स आणि डेबोरा पॉटर यांनी सीएनएनच्या हेडलाइन न्यूजमधल्या बातम्या काही लोकांना होत्या तशा, म्हणजे पट्ट्या-चौकटींसकट दाखवल्या, आणि काहींना त्याच बातम्या पडद्यावरचा पसारा काढून दाखवल्या. पसाऱ्यासकट पाहणाऱ्यांना निवेदकाने सांगितलेल्या गोष्टींपैकी सुमारे दहा टक्के कमी आठवल्या. त्यांचं हे संशोधन २००५ मध्ये प्रसिद्ध झालं. दहा टक्के हा आकडा फार मोठा नाही असं कुणी म्हणेल. मला तो मोठा वाटतो, कारण त्या बातम्या सौम्य होत्या आणि तो अमेरिकेतला, वीस वर्षांपूर्वीचा पडदा होता. आपल्याकडचा आजचा पडदा त्यापुढे मांडून बघा: वर एक पट्टी, खाली दोन, बाजूला जाहिरातीचा एल-बँड, मध्ये आठ चेहरे, आणि त्यातला एक गोठलेला, कारण त्याचं नेट गेलं आहे.

पट्टी हे दुष्टपणाने करत नाही. लग्नाच्या पंगतीत एखादी आग्रही मावशी असते ना, पानातली जिलबी अर्धी खाल्ली नाही तोवर मठ्ठ्याची वाटी, ती ओठाला लावली नाही तोवर मसालेभात, तशी ती. उपाशी राहू नये म्हणून वाढत राहते. उठल्यावर पोट गच्च असतं, आणि जेवणात काय होतं ते धड सांगता येत नाही. पट्टी पाहून उठलेल्या माणसाच्या चेहऱ्यावरही तशीच तृप्ती दिसते. त्याला वाटतं, जगात जे जे घडलं ते सगळं डोळ्यांखालून गेलं. डोळ्यांखालून गेलं हे खरंच आहे.

तिचा एक भाऊ आहे, आवाज. ढण्ण करून ब्रेकिंगच्या आधी उडी मारतो, नगारे वाजवतो, भोंगे वाजवतो. अमेरिकेत मारिया एलिझाबेथ ग्रेब, ॲनी लँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली असल्या सनसनाटी सजावटीची परीक्षा घेतली. तीच बातमी साध्या रीतीने आणि तीच भडक संगीत, चमकते कट वगैरे लावून. भडक सजावटीने पाहणाऱ्यांचं अंग सावध झालं, लक्ष वेधलं गेलं, पण बातमी अधिक लक्षात राहिली असं झालं नाही. आणि लोकांना साधीच बातमी जास्त विश्वासार्ह वाटली. आपल्याकडे या भावाने मे २०२५ मध्ये सरकारलाच बोलायला लावलं. सीमेवर तणाव असताना वाहिन्या कार्यक्रमांत सर्रास हवाई हल्ल्याचे भोंगे वाजवत होत्या. नागरी संरक्षण खात्याच्या महासंचालनालयाने त्यांना कळवलं की हे आवाज वापरू नका. रोज ऐकून लोकांची सवय होईल आणि खरा भोंगा वाजला तर कुणी हलणार नाही. वाहिन्यांना सांगितलेलं हे कारण सरकारी पत्रातलं असलं, तरी दूरचित्रवाणीच्या अभ्यासक्रमात पहिल्या पानावर लावावं असं आहे.

पण पट्टीचा खरा हिशेब आवाजाशी किंवा गर्दीशी नाही, तो त्या हरवलेल्या ‘का’शी आहे. स्वीडनच्या नभोवाणी संस्थेत ओले फिंडाल आणि बिर्गिट्टा होइयर हे दोन संशोधक १९७० च्या दशकात बातमीचे तुकडे पाडून पाहत होते: माणूस कोण, जागा कुठली, घडलं काय, कशामुळे घडलं आणि त्यातून पुढे काय होईल. प्रेक्षकांना जागा आणि माणसं आठवत, विशेषतः नकाशा किंवा फोटो दाखवला असेल तर. सर्वात आधी निसटत ती कारणं आणि परिणाम. आणि जेव्हा मुद्दाम कारण-परिणामांवर भर दिला, तेव्हा ती तर लक्षात राहिलीच, पण बाकीची बातमीही जास्त टिकली. म्हणजे कारण हा बातमीचा खिळा. तो ठोकला तर बाकीचं त्याच्यावर टांगता येतं. आणि पट्टी आली ती नेमका हाच खिळा घरी ठेवून.

याचं आपलं उदाहरण शोधायला लांब जायला नको. २२ नोव्हेंबर २०१९ च्या रात्री मुख्यमंत्रिपदासाठी उद्धव ठाकरे यांच्या नावावर एकमत झाल्याचं शरद पवार यांनी सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशीची वर्तमानपत्रं तेच छापून दारात पडली. लोक ती उघडत होते तेव्हा टीव्हीवर देवेंद्र फडणवीस मुख्यमंत्रिपदाची आणि अजित पवार उपमुख्यमंत्रिपदाची शपथ घेत होते. पट्टीच्या आयुष्यातली ती सकाळ. हातातला कागद आणि समोरचा पडदा, दोघे दोन वेगळ्या महाराष्ट्रांविषयी बोलत होते, आणि जिंकली पट्टी. आज कुणालाही विचारा, ‘पहाटेचा शपथविधी’ म्हणून तो आठवतो. शपथ झाली तेव्हा आठ वाजत आले होते. नोव्हेंबरातलं ऊन चांगलं वर आलेलं होतं. पहाटे, ५ वाजून ४७ मिनिटांनी, झालं ते दुसरंच: १२ नोव्हेंबरपासून लागू असलेली राष्ट्रपती राजवट उठवण्यात आली. केंद्रीय मंत्रिमंडळाची बैठक न घेता हे कसं करता आलं, तर कामकाज नियमावलीतल्या नियम १२ ने पंतप्रधानांना दिलेला खास अधिकार वापरून. चौथ्या दिवशी, २६ तारखेला, राजीनामा आला. का आला, तर सर्वोच्च न्यायालयाने लगेच बहुमत सिद्ध करायला सांगितलं होतं आणि ते नव्हतं.

आता यातलं कोणाला काय आठवतं? दोन चेहरे, राजभवन आणि पहाट. कोण, कुठे, कधी. त्यातलं ‘कधी’ही चुकीचं. नियम १२ चं नाव काढलं तर राजकारण तोंडपाठ असलेली माणसंही थबकतात, आणि खरं तर त्या दिवसाचं सगळं मर्म तिथेच होतं. तो नियम त्या दिवशी वाहिन्यांवर सांगितला गेला नाही असं नाही. जाणकारांनी सांगितला, समजावूनही सांगितला. पण तेव्हा खाली पट्टी धावत होती आणि आपण कोणता आमदार कुठल्या हॉटेलात आहे ते वाचत होतो.

इतकं बोलल्यावर तिची दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर ते शेजाऱ्याची चहाडी केल्यासारखं होईल. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी आपल्याकडच्या बहुतेक बातमीपत्रांत पट्टीखेरीज दुसरं फारसं काही नसतं. टपरीवर, सलूनमध्ये, दवाखान्याच्या बाकड्यांसमोर टीव्ही मुका असतो. तिथे निवेदिका नुसते ओठ हलवते आणि घर चालवते ती पट्टी. कान गेलेल्या आजोबांना रात्रीच्या बातम्या तीच वाचून दाखवते, फक्त थोडी सावकाश चालली असती तर बरं झालं असतं. मतमोजणीच्या दिवशीही तिला पर्याय नाही. तो दिवसच आकड्यांचा असतो, आकड्यांना ‘का’ लागत नाही. तो दुसऱ्या दिवशी लागतो, तेव्हा अग्रलेख असतात.

आणि पाऊस. जुलैच्या रात्री हवामान खात्याने रेड अलर्ट दिला की ती एकदम शहाणी होते. प्रश्नचिन्ह गळतं, सूत्रं गायब होतात, खळबळ कुठे जाते कळत नाही. हार्बरची वाहतूक बंद, मध्य रेल्वे वीस मिनिटं उशिराने, घाटात दरड, अमुक धरणाचे दरवाजे उघडले, नदीकाठच्या गावांना इशारा. साधी, कोरडी, उपयोगाची वाक्यं. वर चर्चेला कोण बसलंय याच्याशी कुणाला घेणं नसतं. मग साडेदहाच्या सुमारास ती उद्या शाळांना सुट्टी असलेल्या जिल्ह्यांची यादी घेऊन येते. दप्तर न भरलेली पोरं टीव्हीच्या काचेला नाक लावून उभी राहतात. पालघर जातो, ठाणे जातो, रायगड जातो, आपला जिल्हा काही येत नाही, आणि रिमोट मागणाऱ्या आजोबांना त्या घरात त्या घडीला कुणी भीक घालत नाही.